ओट्याची उंची

मागचं दार उघडेना.

नम्रताने बॅग खाली ठेवली आणि खांदा लावून रेटलं. आतून काहीतरी जड दाराला टेकलेलं होतं. मुका आवाज आला आणि दार होतं तिथंच राहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती पुढच्या दाराने शिरली असेल ती सणावारालाच. एरवी रिक्षा कोपऱ्यावर सोडायची, माडांखालून परड्यात यायचं, नळावर पाय धुवायचे आणि थेट स्वयंपाकघरात. आजही संगमेश्वरच्या गाडीतून उतरून ती तशीच आली होती. तिचे वडील खळ्यात घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती इतके दिवस माहेरी राहिली होती. सागर रोज फोन करायचा. "घाई करू नको. नाना चालायला लागले की ये. इथलं सगळं ठीक आहे." तिची आई म्हणालीसुद्धा होती, नशीब काढलंस बाय, असा नवरा मिळायला.

ती नळाकडे वळली आणि थबकली. पायाला चिखल लागू नये म्हणून कुणीतरी नळाखाली काळ्या फरशीचे तुकडे टाकले होते. एका तुकड्याच्या कडेचा टवका उडालेला होता. नारळ फोडताना कोयता निसटून तो तिच्याच हातून उडाला होता.

तिचा ओटा होता तो. जेवणाच्या डब्यांच्या पहिल्या कमाईतून, गवंड्याच्या पाठीशी उभं राहून बसवून घेतलेला कडाप्पा. आता त्यावर कुणाच्या तरी चपलांचे ठसे होते.

"आई!" तिने सासूला हाक मारली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

आत हसणं चाललं होतं, ते थांबलं. "आली, आली! पुढून ये नम्रता. मागचं दार आता बंद केलंय!"

हा आवाज शमिकाचा, तिच्या मोठ्या जावेचा. शमिका आणि विनीत मुंबईला असायचे, दिवाळीला आणि मे महिन्यात यायचे. आता ना दिवाळी होती, ना मे महिना.

पुढच्या अंगणात विनीतची गाडी धुऊन उभी होती. माजघरात खुर्च्या मांडलेल्या. सासू, हिरा, ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. शेजारी काशीआत्या, सासऱ्यांची बहीण, हर्ण्याहून खास आलेली. विनीत हात मागे बांधून उभा, पाहुण्यांना बंगला दाखवणाऱ्या मालकासारखा. सागर खिडकीशी होता. त्याने नम्रताकडे पाहिलं आणि लगेच बाहेर, आपल्या मोटारसायकलकडे पाहिलं.

"डोळे मीट," म्हणत शमिकाने तिचा हात धरला. "मीट ना गं. चल आता. हं, उघड!"

नम्रताने डोळे उघडले.

जमिनीपासून छतापर्यंत हस्तिदंती रंगाचे गुळगुळीत पल्ले. एकालाही मूठ नाही, कडी नाही. पांढराशुभ्र ओटा, त्यात बसवलेली काळ्या काचेची शेगडी, वर तिरकी चिमणी. उजेड सगळा पल्ल्यांखालच्या दिव्यांचा. भर सकाळी.

"हा टॉल युनिट, किराणा सगळा ह्यात," शमिका एकेक उघडून दाखवू लागली. तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, हे नम्रताला दिसत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. "कोपरा वाया जाऊ नये म्हणून हा फिरता ट्रे. मसाल्यांना हा उभा ड्रॉवर. आणि आईंना आता खाली बसून विळी धरायला नको. गुडघे किती दुखतात त्यांचे."

"मोरी कुठाय?"

"काढली ना. सिंक दिलंय, दोन भांड्यांचं."

"मासे कुठे साफ करायचे?"

"बाहेर नळावर करता येतील. घरात वास राहायला नको, म्हणून तर."

"आणि खिडकी?"

खिडकी जिथे होती तिथे कपाट होतं. खाडीवरून येणारा वारा त्या खिडकीतून यायचा, भाताची वाफ तिच्यातून जायची. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन येणारी पाटीवाली तिथूनच ओरडायची, नमू, सौंदाळे हायत गो, आणि नम्रता हातातलं न सोडता भाव करायची. त्या खिडकीशी उभं राहून तिने या घरातली सगळी वर्षं काढली होती.

"चिमणी आहे की," विनीत म्हणाला. "वाफ-धूर सगळं ओढून घेते. खिडकी कशाला हवी?"

"माझे टोप?"

"सगळं नीट ठेवलंय मागच्या खोपीत. तुझी ती मोठी गॅसची भट्टीपण."

"भावजी, सोमवारपासून माझे डबे आहेत. नर्सबायका आहेत, कॉलेजची मुलं आहेत. मी सगळ्यांना सांगून गेले होते, सोमवारी सुरू म्हणून."

 शमिकाने चटकन सागरकडे पाहिलं. ते पाहणं नम्रताला दिसलं, पण कळलं नाही.

हिरा उठली. "आधी दूध उतू जाऊ द्या. नवी चूल आहे. भांडायचं ते मागनं भांडा."

"कोण ठेवतंय दूध?" काशीआत्याने विचारलं. "जी रोज चूल पेटवते तिने ठेवायचं असतं."

"थोरलीला ठेवू दे, वन्सं. तिने एवढं मनावर घेतलान म्हणून झालं."

काशीआत्या काही म्हणणार, त्याआधी नम्रता म्हणाली, "त्यांनाच ठेवू दे. त्या काचेला मला हात लावायचा नाही."

शमिकाचा चेहरा पडला. तरी तिने छोट्या पातेल्यात दूध ओतलं, हळदकुंकू वाहिलं, बटण फिरवलं. निळी ज्योत लागली. सगळे पातेल्याभोवती उभे राहिले, जणू आत दूध नव्हे, निकाल तापतोय. दूध वर आलं, उतू गेलं, काचेवर पसरून चरचरलं, आणि शेगडी विझली.

"विझली गो!" काशीआत्या म्हणाली.

"सेफ्टी असते ती, आत्या," विनीत घाईने म्हणाला. "ज्योत गेली की गॅस आपोआप बंद होतो. चांगलंच आहे ते."

"चांगलं असंल. पण विझली."

नम्रता तिथून निघाली. पुढच्या दाराने बाहेर, घराला वळसा घालून परड्यात, खोपीत. जुन्या जाळ्यांच्या ढिगाऱ्याशेजारी तिचे टोप एकात एक घालून ठेवले होते, वर गोणपाट. तिने सगळ्यात मोठा उचलला, बुडाला काजळी धरलेला, आणि त्याच वाटेने परत आली. वाटेत पडवीच्या फरशीवर काजळी सांडली, तिने पाहिलं नाही. आत येऊन तिने टोप काचेच्या शेगडीवर ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच.

"अगो, काच!" विनीत ओरडला.

"बघा. नीट बघा सगळ्यांनी." टोपाने सगळे बर्नर झाकले होते, काठ भिंतीला टेकला होता. नम्रता जेमतेम पाच फुटांची. टोपाचा काठ तिच्या हनुवटीशी आला होता. "ह्यात मी डाळ कशी ढवळू? स्टुलावर चढून? हे स्वयंपाकघर कुणासाठी बांधलंय ते सांगा मला. कारण या घरात स्वयंपाक मी करते. आणि मी नसताना माझा ओटा फोडून नळाखाली टाकलात. माणूस गाय विकतो तेव्हा गुराख्याला तरी विचारतो!"

"आवाज कमी कर," हिरा म्हणाली.

"नाही करत आई. आज नाही करत. वहिनी, तुम्हाला मुंबईला जायचंय परत. दोन दिवस फोटो काढाल आणि जाल. तुम्हाला एक फोन करता आला नाही? इतकी मी कोणीच नाही?"

"एक मिनिट." शमिका पुढे आली. तिलाही राग आला होता, आणि तो आता ती दाबणार नव्हती. "मी विचारलं नाही? मी सागरभावजींना तीनतीनदा विचारलं. नम्रताला ड्रॉइंग दाखवलं का? तिला उंची चालेल का? मोरी काढलेली चालेल का? ते म्हणाले, दाखवलं, तिला फार आवडलं. मी म्हटलं, मग मी बोलते तिच्याशी. तर म्हणाले, नको, तिचे वडील आजारी आहेत, आणि तिला सरप्राईजच राहू दे रंगाचं वगैरे. आणि म्हणाले..." ती थांबली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती डबे बंदच करणार आहे आता. दमलीय."



नम्रता वळली. सागर अजून माजघरातल्या खिडकीशी होता. उंचापुरा, रुंद खांद्यांचा माणूस, वडील होते तोवर बोटीवर जाणारा. सासरे खंडू गेले, बोट विकली गेली आणि तो बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात देखरेखीला लागला. तेव्हापासून तो घरात कमी बोलायचा. नम्रताला वाटायचं, बोटीची आठवण येत असेल. तिने त्या गप्प बसण्याची किती काळजी घेतली होती! त्याच्या पुढ्यात मोठ्याने हसायचीसुद्धा नाही.

"तुम्ही असं म्हणालात?"

सागरने खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"मी दमलेय, असं मी कधी म्हटलं?"

"बस झालं आता," सागर म्हणाला. "घरातलं घरात बोलू."

"हे घरच आहे. बोला."

"काय बोलू?" तो एकदम उसळला. "कारखान्यात मला काय म्हणतात माहितेय? डबेवालीचा नवरा. तोंडावर म्हणतात. सागरशेठ, आज वैनींनी कांदे किती सोलायला दिले? बर्फाच्या लाद्या उतरवणारा पोरगासुद्धा हसतो. बाबांच्या नावाने बंदरावर माणसं उठून उभी राहायची. आणि मी? ऐकतो रोज. सांगणार कोणाला?"

"सोललास कधी?" नम्रता म्हणाली.

"काय?"

"कांदा. एक तरी कांदा सोललास कधी?"

काशीआत्या फस्सकन हसली. दुसरं कुणी हसलं नाही. घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. नम्रता नवऱ्याला चारचौघांत कधी अरेतुरे करत नसे.

"लोक तुला हसले म्हणून तू माझा ओटा फोडलास," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि तो जास्त भयंकर होता. "रोज फोनवर विचारत होतास, नाना कसे आहेत. सावकाश ये म्हणत होतास. मी माझ्या आईला सांगत होते, बघ, किती समजून घेतात. आणि इथे माणसं घण घालत होती, तो आवाज येऊ नये म्हणून तू बाहेर जाऊन फोन करत होतास ना? परड्यातून करायचास. मला माडांचा आवाज यायचा. मला वाटायचं, वाऱ्यावर उभा आहे."

सागरने मान खाली घातली.

हिरा पुढे आली आणि मुलासमोर उभी राहिली. "मलापण खोटं सांगितलंस? मी तुला विचारलं, तिने होय म्हटलंन काय रे? देवासमोर विचारलं मी."

"आई, तुलापण हवंच होतं ना हे?"

"हवं होतं!" म्हातारीचा आवाज फाटला. "मला हवं होतं, होय. जन्मभर मासळीची पाटी घेऊन फिरलंय मी. ह्या शमिकाच्या साखरपुड्याला हिची माणसं आली, ती पडवीत बसली. आत या म्हटलं, तर वारा बरा आहे म्हणाली. हिच्या मावशीने नाकाला पदर लावलान. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते दारात. मला बघायचं होतं एकदा, माझ्या स्वयंपाकघरात माणसं येऊन बसताना. पण सुनेच्या पाठीमागे नाय. चोरून नाय."

"आई, मला हे माहीत नव्हतं," शमिका म्हणाली. ती पांढरी पडली होती.

"तुला कशाला माहीत असेल? तू नटत होतीस तेव्हा."

विनीत मध्ये पडला. "हे बघा, आता झालंय ते झालंय. इतकं सगळं बसवलंय, ते काही काढता येणार नाही. नम्रता, सवय होईल तुला. आणि डब्यांचं म्हणशील, तर सागर म्हणतो त्यातही तथ्य..."

"तू गप रे," काशीआत्या म्हणाली. "तुला भात किती शिट्यांनी होतो ते म्हाईत नाय."

नम्रता कुणाचं ऐकत नव्हती. ती सासूकडे बघत होती. इतकी वर्षं शेजारी शेजारी बसून मासे कापले, आणि ही गोष्ट तिने कधी काढली नव्हती.

"मला का नाही सांगितलंत, आई? आपण दोघींनी मिळून बांधलं असतं."

"मोरी काढली असतीस?"

नम्रताने विचार केला. "नाही."

"मग?" हिरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तेही रागाचंच. "म्हणून नाय सांगितलं."

 नम्रताने टोप उचलला. काचेवर काजळीचं मोठं काळं वर्तुळ उमटलं होतं. विनीत फडकं शोधू लागला. कुठला पल्ला दाबला की कुठला कप्पा उघडतो, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

खोपीत तिने जाळी एका बाजूला ओढली, भट्टी मधोमध घेतली, सिलिंडर जोडला.  काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा भट्टी पेटली तेव्हा तिने कोकमं भिजत घातली, वाटणाचा नारळ जमिनीवर आपटून फोडला. काशीआत्या हर्ण्याहून बांगडे घेऊन आली होती. ते तिने स्वतःच आणून दिले आणि म्हणाली, "तुझं भांडण चालू दे गो. पण मी पहाटे निघालेय, मला भूक लागलीय."

नम्रताने विळी पुढे ओढली. बांगड्यांची डोकी इतक्या जोरात उडत होती की मांजर लांबच बसलं.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. शमिका होती. पदर खोचलेला, हातात मोजायची टेप.

"काय?" नम्रता म्हणाली.

"कोपर वाक."

"कशाला?"

"मी एकदा न विचारता मोजलंय. आता विचारून मोजतेय. कोपर वाक म्हटलं ना!" शमिका जवळजवळ ओरडली.

नम्रता उठली. मासळीचे हात अंगापासून लांब धरून तिने कोपर वाकवलं. शमिकाने जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली, आकडा पुटपुटली.

"हा इथे खोपीत बांधायच्या ओट्यासाठी, कापायला. भट्टीसाठी?"

"इथपर्यंत." नम्रताने मांडीच्या मध्यावर हात लावून दाखवला.

"इतका खाली? कंबर मोडेल."

"टोप हातभर उंच आहे, वहिनी. तो मांडीशी ठेवला तरच डाव कंबरेशी येतो. टोप वर ठेवल्याने कंबर मोडते, खाली ठेवल्याने नाही."

शमिकाने टोपाच्या उंचीलाही टेप लावून पाहिली. "हे मला त्या डिझायनरने सांगितलं नाही."

"तो डबे करत नाही."

"मोरी कुठे पाहिजे?"

"त्या कोपऱ्यात. काठ वीतभर, उतार परड्याकडे. आणि इकडे खिडकी. मोठी."

"जांभ्याची भिंत आहे. फोडावी लागेल."

"फोडा. फोडायला माणसं आहेतच तुमच्याकडे."

शमिकाला ते लागलं. पण ती गेली नाही. तिने भिंतीवर खडूने चौकोन काढला, मागे सरून बघितला, पुसून थोडा मोठा काढला. "माझ्या मावशीचं," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी तिला विचारणार आहे. फोन करून."

"विचारून काय होणार?"

"काही नाही होणार. तरी विचारणार."

नम्रताने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. राग गेला नव्हता, पण त्याची दिशा आता या बाईकडे उरली नव्हती. तिने बांगड्यांवर हळद चोळली. "आतलं राहू दे," ती म्हणाली. "आईंना हवंय ते राहू दे. त्यांच्या माणसांना तिथे बसू दे. फक्त ते टॉल युनिट दारावरून हलवा. आज."

"विनीतला सांगते. सुतार दुपारी यायचाच आहे."

कालवणाला कढ आला. तिरफळांचा वास खोपीभर झाला. हिरा घरातून पाट घेऊन आली आणि भट्टीपासून जरा लांब टेकली. गुडघ्यांवर हात ठेवून ती कालवणाकडे बघत बसली. नम्रताने तिला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

सागर आला तो शेवटी. दारातच थांबला.

"नम्रता."

ती डाव फिरवत राहिली.

"चुकलं माझं."

"होय."

"मी... काय करू ते सांग."

तिने डाव टोपाच्या काठावर आपटला आणि त्याच्याकडे वळली. हिराने मान दुसरीकडे केली. शमिका भिंतीपाशी होती तिथेच खडू धरून थांबली.

"आतलं स्वयंपाकघर तू पसंत केलंस. माझ्या नावाने होय म्हणालास. म्हणजे ते तुझं. आजपासून घरचा स्वयंपाक तिथे तू करायचा. सकाळ-संध्याकाळ. मी माझ्या डब्यांचं बघेन, इथे."

"मला कुठे येतं?"

"मलाही येत नव्हतं. या घरात आले तेव्हा मला मासे कापता येत नव्हते. विचार आईंना."

"रडायची," हिरा म्हणाली, कुणाकडेही न बघता. "काटा लागला की रडायची."

"आणि कारखान्यात विचारलं तर," नम्रता म्हणाली, "सांग, होय, सोलले. आज इतके सोलले."

सागर तिच्याकडे बघत राहिला. ती थट्टा करत नव्हती, हे त्याला कळत होतं. त्याला आईकडून काही शब्द येईल असं वाटलं असावं. तसा शब्द आला नाही. मग तो वळला आणि घरात गेला.

"भात लाव आधी," काशीआत्या माजघरातून ओरडली. "कालवण झालंय बाहेर!"

बराच वेळ आतून काही ऐकू येईना. मग भांडं पडल्याचा आवाज झाला. विनीत काहीतरी सांगू लागला, त्यावर काशीआत्या त्याच्यावर खेकसली.  शमिकाने भिंतीवरच्या चौकोनाला दुसरी रेघ ओढली. नम्रता टोपावर झाकण ठेवून आच मंद करत होती, तेवढ्यात आतून सागरची हाक आली.

"नम्रता, मीठ कुठे आहे?"

हिराने तोंड उघडलं. नम्रताने तिच्याकडे फक्त पाहिलं, तशी ती मिटली.

"शोध," नम्रता म्हणाली, आणि उरलेले बांगडे पुढ्यात ओढले.